सर्दीची गोळी घ्यायच्या आधी स्ट्रीप उलटी करून बघा

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर एकच वाक्य असतंय, "सर्दीचं काहीतरी द्या की." शिकायला कोल्हापुरात आलेली आणि पहिल्यांदाच रूम करून राहणारी पोरं-पोरी, नुकतं लग्न होऊन वेगळा संसार थाटलेले, पहिलं बाळ झालेले आईबाप, ह्यांच्या घरात "ही गोळी नको, ती घे" म्हणणारं मोठं माणूस नसतं, मग जे हाताला लागेल ते घेतलं जातं. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, १४ वर्षं काउंटरमागं उभा आहे आणि ह्या विषयावर माझा जीव तुटतो, कारण वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांतनं पॅरासिटामॉल हे तापाचं एकच औषध नकळत जास्त जातं आणि लिव्हरला मार बसतो; चूक एवढीशी असते आणि ती लोकांना दिसतच नाही.

आधी एक प्रसंग सांगतो म्हंजे पुढचं सगळं लगेच कळेल.

मागच्या जुलैत एक मामा आले, पन्नाशीतले, शेतकरी माणूस, अंगावर भिजलेला रेनकोट. खिशातनं रबर लावलेल्या तीन स्ट्रीपा काढल्या आणि काचेवर ठेवल्या. "ह्यानं काय फरक पडंना, जरा जास्त पॉवरची द्या." एक सर्दीची, एक तापाची, एक अंगदुखीची, तीन वेगवेगळ्या दुकानांतनं आणलेली. मी विचारलं, "मामा, दिवसातनं किती घेताय?" तर सर्दीची सकाळ-दुपार-रात्री, तापाची पण तशीच, आणि अंग ठणकलं की तिसरी, दोन वेळा. मी बिलाच्या मागं पेनानं लिहिलं. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, तीन वेळा म्हंजे १५००. तापाची ६५० ची, तीन वेळा, १९५०. अंगदुखीच्या गोळीत ३२५, दोन वेळा, ६५०. बेरीज ४१००. कागद त्यांच्याकडं फिरवला तर ते बघतच बसले, म्हणाले, "पण नावं तर वेगवेगळी हायती की!"

सगळी भानगड ह्या एका वाक्यात आहे. तिन्ही गोळ्या सांगितल्या तशाच घेतल्या होत्या, एकही गोळी जास्त नाही, तरी दिवसाची ४००० ची मर्यादा ओलांडली. वर संध्याकाळी थोडी घ्यायची सवय, ते हळूच सांगितलं. चार दिवस हेच चालू होतं. मी नवीन काही दिलं नाही, डॉक्टरांकडं पाठवलं, रक्त तपासलं तर लिव्हरचा रिपोर्ट वाढलेला निघाला. गोळ्या बंद झाल्यावर काही आठवड्यांत तो खाली आला. सुदैव म्हणायचं.

पहिलं काम: ब्रँड सोडा, मागचं नाव वाचा

स्ट्रीपच्या पुढं ब्रँडचं नाव मोठ्या रंगीत अक्षरात असतंय. आपल्या कामाचं नाव मागं बारीक अक्षरात असतंय, गोळीत काय काय आणि किती मिलिग्रॅम आहे ते. तिथं "पॅरासिटामॉल" शोधायचं. एवढंच शोधायला शिकलात तरी अर्धं काम झालं.

क्रोसिन, कॅलपॉल, डोलो हे पॅरासिटामॉल हे बऱ्याच जणांना माहीत असतंय. पण सिनारेस्ट, विकोरिल, चेस्टन कोल्ड, डी-कोल्ड टोटल, विक्स ॲक्शन ५०० ह्या सर्दीच्या गोळ्यांतही तेच आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. डोकेदुखीच्या सॅरिडॉनमध्ये आहे, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ह्या दुसऱ्या दुखण्यावरच्या औषधाच्या जोडीला आहे. एकाच नावाचे दोन-तीन प्रकार बाजारात असतात आणि प्रमाण बदलतं, म्हणून माझ्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, तुमच्या हातातली स्ट्रीप वाचा. घरातलं कुणी अमेरिकेत असेल आणि तिकडनं टायलेनॉलची बाटली पाठवली असेल तर तिच्यावर "ॲसिटामिनोफेन" लिहिलेलं असतंय, तेही हेच पॅरासिटामॉल, फक्त नाव तिकडचं. दुबईकडनं येणारं पॅनाडॉलही तेच.

दुकानातनं चारच गोळ्या कापून घेता तेव्हा नावाचा तुकडा नेमका दुकानात राहतो आणि तुमच्याकडं नुसत्या चांदीच्या कागदातल्या पांढऱ्या गोळ्या येतात. हे करू नका. नावाच्या बाजूनं कापून द्या म्हणा, नाहीतर अख्खी स्ट्रीप घ्या, पॅरासिटामॉल काय महाग नसतंय. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालंय, तो मोबाईलनं स्कॅन केला तर औषधाचं नाव, बॅच, एक्सपायरी दिसते. चष्मा जवळ नसलेल्या आज्जी-आजोबांना पोरांनी हे करून दाखवावं.

लोक म्हणतात "चिठ्ठीशिवाय मिळतंय म्हंजे काय होत नाही". असं नाही. आपल्याकडच्या कायद्यात "चिठ्ठीशिवाय विकायची औषधं" अशी वेगळी यादीच केलेली नाही, जी औषधं चिठ्ठीवरच द्यायची त्यांची यादी आहे आणि त्यांच्या पाकिटावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते. लाल रेघ दिसली की स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही. पण लाल रेघ नाही म्हंजे कितीही घ्या, असा अर्थ होत नाही.

दुसरं काम: २४ तासांची बेरीज

धडधाकट मोठ्या माणसासाठी पॅरासिटामॉलची वरची हद्द २४ तासांत ४००० मिलिग्रॅम. म्हंजे ५०० च्या आठ गोळ्या, नाहीतर ६५० च्या सहा. पण ही हद्द आहे, तिथवर जायचंच असं काही नाही, बरेच डॉक्टर घरच्या घरी घेताना ३००० च्या आत राहा म्हणतात आणि मीही तेच सांगतो. दोन डोसमध्ये निदान चार ते सहा तास जाऊ द्यायचे. ताप उतरला नाही म्हणून दोन तासांनी दुसरी टाकली, हे रात्री झोपमोड झाल्यावर लय जण करतात.

मोबाईलच्या नोटमध्ये किंवा कॅलेंडरवरच पेननं लिहा, वेळ आणि मिलिग्रॅम. "सकाळी ८, ५००. दुपारी २, ६५०." आजारी माणसाच्या लक्षात राहत नाही, आणि घरात दोघं जण औषध देणारी असली तर आईनं दिलेलं बाबांना माहीत नसतंय.

सगळ्यात सोपं म्हंजे एका वेळी पॅरासिटामॉलवाली एकच गोळी घरात चालू ठेवायची. सर्दीची कॉम्बिनेशन गोळी (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) चालू असेल तर तापाची वेगळी नको. आणि नुसतं नाक वाहत असेल, ताप नाही, अंगदुखी नाही, तर पॅरासिटामॉल घालायचं कारणच काय? नुसती सेटिरिझिनसारखी अँटीॲलर्जिक गोळी पुरते, तीही झोप आणते, त्यामुळं घेऊन गाडी चालवायची नाही. त्या कॉम्बिनेशनमध्ये नाक मोकळं व्हायला फिनाईलेफ्रिन असतंय, ते लिव्हरचं नाही, बीपीचं दुखणं आहे, बीपीवाल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि तोंडानं घेतलेलं फिनाईलेफ्रिन चोंदलेल्या नाकाला उपयोगी पडतच नाही असं २०२३ साली अमेरिकेतल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीनंच म्हटलंय.

लिव्हरमध्ये नक्की होतंय काय

हे समजून घेतलं की नियम पाठ करायला लागत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

साखर कारखाना डोळ्यासमोर आणा. ऊस गाळला जातो, साखर होते आणि थोडं घाण सांडपाणी निघतं. कारखान्यात ते शुद्ध करायची टाकी असते, रोजचं पाणी ती झेपवते. लिव्हरचं तसंच आहे. आपण घेतलेलं बहुतेक पॅरासिटामॉल लिव्हर सरळ मार्गानं निकामी करून लघवीवाटे बाहेर काढतं. थोडा भाग मात्र दुसऱ्या वाटेनं जातो आणि त्याचा एनएपीक्यूआय नावाचा विषारी पदार्थ बनतो. त्याला लगेच गप्प बसवायला लिव्हरकडं ग्लुटाथायोन असतं, म्हंजे आपली शुद्धीकरणाची टाकी. ठरलेल्या डोसात ही टाकी आरामात पुरते. डोस वाढला की सरळ मार्ग भरून जातो, जास्त माल दुसऱ्या वाटेनं जातो, ग्लुटाथायोन संपतं आणि मग ते विष लिव्हरच्या पेशींनाच जाऊन चिकटतं. मळीमिश्रित पाणी पंचगंगेत आलं की मासे पांढरे पोट वर करून तरंगतात ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. आत तसंच होतंय, फक्त दिसत नाही.

म्हणून पॅरासिटामॉलला घाबरून ते सोडून द्यायचं का? अजिबात नाही. योग्य डोसात ते फार सुरक्षित औषध आहे, लिव्हरच्या पेशंटलासुद्धा डॉक्टर कमी डोसात तेच देतात. डेंग्यूच्या दिवसात तर तापाला तेच घ्यायचं, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका असतो. अडचण औषधाची नाही, नकळत दुप्पट होण्याची आहे.

कुणाची टाकी लहान असते

रोज दारू घेणाऱ्याची. दारूनं दुसरी, विषारी वाट रुंद होते आणि ग्लुटाथायोनही कमी पडतं, दोन्हीकडनं मार. अशा माणसानं स्वतःहून काही ठरवू नये, डॉक्टर बहुतेक वेळा २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. "सर्दी झालीय, जरा घेऊया आणि वर गोळी टाकून झोपूया" हे बंद करा. तांबडा-पांढरा रस्सा पिऊन नाक मोकळं करायचं असेल तर खुशाल करा, लिव्हरला त्यानं काही होत नाही.

उपवासाचं कुणाच्या लक्षातच येत नाही. पोटात अन्न नसलं की ग्लुटाथायोनचा साठा उतरतो. नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास करणाऱ्या बायका, वर अंबाबाईच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणं, त्यात घसा धरला की दिवसभर गोळ्यांवर गोळ्या. मावशी, काकी, आजारी असताना उपवास थोडा सैल करा, देवी रागवत नाही. तीन-चार दिवस तापानं नुसत्या पेजेवर असलेला माणूसही ह्याच गटात येतो, आणि वजन ५० किलोच्या खाली असलेलाही.

फॅटी लिव्हर, हिपॅटायटीस बी किंवा सी, आधीची कावीळ, टीबीच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन), ह्यातलं काही असेल तर सर्दीची साधी गोळी घ्यायच्या आधीसुद्धा तुमच्या डॉक्टरांना एक फोन करा. रक्त पातळ करायची वॉरफरीन चालू असेल तरी.

बाळांचं गणित वेगळं

इथं वय नाही, वजन धरतात. एका डोसला एका किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता सरळ डॉक्टर.

खरी गडबड बाटलीची होते. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही, बाटल्या दिसायला सारख्याच. १२ किलोच्या पोराला १८० मिलिग्रॅम द्यायचे झाले तर पहिल्या बाटलीतनं साडेसात मिली आणि दुसरीतनं साडेतीनच्या आसपास. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं तर डोस दुप्पट! ड्रॉप्स तर अजून घट्ट, १ मिलीत १०० मिलिग्रॅम. ८ किलोच्या बाळाला १.२ मिली पुरतं, तिथं कुणी सिरप समजून ५ मिली पाजलं तर ५०० मिलिग्रॅम गेलं, चौपटीच्या वर. माझ्या समोर एक बाप बाटली हातात धरून विचारत होता, "चमचाभरच ना?" घरातला चहाचा चमचा मोजमापाला चालत नाही, बाटलीबरोबर येणारं टोपण किंवा ड्रॉपर, नाहीतर सुई नसलेली सिरिंज, त्यानंच मोजा.

सर्दी-खोकल्याची कॉम्बिनेशन औषधं लहान पोरांना नकोच. दोन वर्षांखालच्यांना देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंत शक्यतो टाळावीत असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये परत बजावलंय. आणि १६ वर्षांखालच्या मुलाला तापात ॲस्पिरिन, म्हंजे डिस्प्रिन वगैरे, कधीच नाही. त्यानं क्वचित रेज सिंड्रोम होतो, त्यात लिव्हर आणि मेंदू दोन्हीवर घाव बसतो.

काढा, नायमेसुलाइड आणि "अँटीबायोटिक द्या"

आलं, तुळस, मिरी, गूळ घालून केलेला घरचा काढा एक-दोन कप प्यायला हरकत नाही. पण करोनाच्या काळात लोकांनी गुळवेल महिनोन्‌महिने घेतली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, गुळवेल सुरक्षित आहे, दुसरी सारखी दिसणारी वनस्पती असू शकते असं त्यांचं म्हणणं. माझं मत विचाराल तर लिव्हरचा किंवा थायरॉईडसारखा ऑटोइम्यून (आपली प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते असा) आजार असलेल्यानं गुळवेल डॉक्टरांना न सांगता घेऊ नये, आणि डॉक्टरांनी "काय औषधं चालू आहेत" विचारलं की काढा, चूर्ण, भस्म सगळं सांगायचं. "ते औषध नाही" म्हणून लपवू नका.

नायमेसुलाइड अंगदुखीला लय पटकन लागू पडतं म्हणून लोक नाव घेऊन मागतात. लिव्हरच्या त्रासामुळं फिनलंड, स्पेननं २००२ मध्ये आणि आयर्लंडनं २००७ मध्ये ते बाजारातनं काढलं, आपल्याकडं २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना बंद आहे. साध्या सर्दीला ते मागू नका.

अँटीबायोटिकचं थोडक्यात. सर्दी व्हायरसची असते, अँटीबायोटिकनं जात नाही. आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, जे लोक घरात उरलेलं परत वापरतात, ते औषधांमुळं लिव्हर बिघडण्याच्या कारणांत जगात वरच्या नंबरला आहे.

काउंटरवर असं बोला

"सर्दीचं काहीतरी द्या" च्या ऐवजी, "नाक वाहतंय, ताप नाही, बीपीची गोळी चालू आहे, सकाळी क्रोसिन घेतलीय, आता काय घेऊ?" एवढं सांगितलं की समोरचा गप्प बसूच शकत नाही. संध्याकाळची गर्दी असते, आमच्याकडनंही घाईत विचारायचं राहून जातं, मीसुद्धा कितीदा न विचारता स्ट्रीप पुढं सरकवलीय आणि रात्री आठवून जीव खाल्लाय. तुम्ही विचारा.

साधी सर्दी सात ते दहा दिवसांत जातेच. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, नाकात सलाईनचे थेंब, भरपूर पाणी, झोप. ताप तीन दिवसांच्या वर गेला तर गोळ्यांनी दाबत बसू नका, विशेषतः पूर ओसरल्यावर. पुराच्या पाण्यातनं चाललेल्या माणसाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पाण्यातनं होणारा ताप) होऊ शकतो, दूषित पाण्यानं हिपॅटायटीस ए आणि ई ची कावीळ होते, सुरुवात सगळ्यांची तापानं आणि अंगदुखीनंच होते आणि आधीच सुजलेल्या लिव्हरवर आपण वरनं गोळ्या टाकत राहतो. डोळे पिवळे, लघवी गडद, जेवणावरची वासना गेली, उजव्या बरगडीखाली दुखतंय, ह्यातलं काही दिसलं की सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. कावीळ उतरवणाऱ्याकडं जाण्यात दोन दिवस घालवू नका.

चुकून जास्त गेली तर

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. पॅरासिटामॉल जास्त गेलं तरी पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो, फारतर मळमळ, एखादी उलटी. मग लोक म्हणतात, काही झालं नाही, झोपू दे. लिव्हरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो, आणि कावीळ दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. ह्यावर उतारा आहे, एन-ॲसिटाइलसिस्टीन, ते लिव्हरचं संपलेलं ग्लुटाथायोन भरून काढतं. कफ पातळ करायला पाण्यात विरघळणारी गोळी देतात तेच हे औषध, पण इथं ते दवाखान्यात मोजून द्यावं लागतं, घरी गोळ्या विरघळवून चालत नाही. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत ते सुरू झालं तर लिव्हर जवळजवळ नेहमी वाचतं. उशीर झाला तरी उपयोग होतोच, म्हणून "आता वेळ गेली" म्हणून थांबायचं नाही.

तेव्हा त्रास होतोय का नाही हे बघत बसू नका. उलटी करवायला मीठ-पाणी पाजू नका. १०८ ला फोन लावा किंवा गाडी काढा, कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. कुणी मुद्दाम घेतल्या असतील तर रागावू नका, ओरडू नका, पोलिसांच्या भीतीनं घरात दाबूनही ठेवू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका. जाताना रिकाम्या स्ट्रीपा, बाटल्या, कचऱ्याच्या डब्यातल्यासुद्धा, सगळ्या पिशवीत भरून सोबत न्या, आणि किती वाजता, किती गोळ्या आणि माणसाचं वजन किती, हे एका कागदावर लिहून पहिल्या भेटणाऱ्या डॉक्टरच्या हातात द्या.